सरांची पकड

मंगळवारी माझा भाऊ लातूरजवळच्या मुरुडच्या मैदानावर पडला आणि उठला नाही. त्या संध्याकाळी भारताच्या मुलींच्या रग्बी संघाचा कोच बदलल्याची बातमी आली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मला त्या अजून वेगळ्या करता येत नाहीत. भाऊ मुरुडच्या शाळेत खेळाचा शिक्षक होता. त्याची मुलगी कॉलेजसाठी नांदेडला माझ्याकडे राहत होती आणि राष्ट्रीय शिबिराला बोलावायच्या मुलींत तिचं नाव होतं. शिबिरातून पुढे संघ निवडतात. जुन्या कोचनं तिचा खेळ पाहिला होता, तो तिला घेणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. नवा कोच परदेशातून येणार होता आणि त्यानं येण्याआधीच सांगून टाकलं होतं की कुणाचीही जागा पक्की नाही.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लग्न केलं नाही. भावाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय बाईसाहेब, आज किती पानं झाली?" त्यानं स्वतः शाळेबाहेरचं एक पुस्तक कधी पुरं केलं नाही, पण लातूरला रद्दीच्या दुकानात जुने दिवाळी अंक दिसले की माझ्यासाठी सुतळीनं बांधून ठेवायचा. हे लिहायला बसते तेव्हा एखादं वाक्य होतं आणि मग बराच वेळ काही होत नाही.

भीती मात्र त्याच्या जाण्यानं सुरू झाली नाही. ती आधीपासून घरात होती.

त्याच वर्षी, तो जाण्याआधी, एका सामन्यात भाचीच्या कानशिलाला समोरच्या मुलीचा गुडघा लागला होता. ती उठली, पुढे खेळली, जिंकून आली. घरी आल्यावर तिनं चहा गाळायला घेतला आणि कप भरल्यावरही ओततच राहिली. चहा ओट्यावरून खाली आला, तिच्या पायावर पडला, तेव्हा तिनं पातेलं खाली ठेवलं. मला म्हणाली, "आत्या, ते... ते हे दे ना, गाळायचं." गाळणी तिच्या हातातच होती. पुढचे काही दिवस ती स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट लावू देत नव्हती. दारातून जाताना चौकटीला हात लावून जायची, म्हाताऱ्या बायका जातात तशी.

मी तिला नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "दिसलं नाही म्हणजे झालं नाही असं नसतं, बाई. हा पहिला नाही, ती सांगते त्यावरून दुसरा मार आहे. पूर्ण बरी होईपर्यंत खेळ नको. त्याआधी तिसरा बसला तर काय होईल ते मी सांगू शकत नाही." बाहेर येऊन भाची म्हणाली, "डॉक्टर लोक असंच बोलतात. त्यांना रग्बी म्हणजे कुस्ती वाटते."

मी वाचते, त्यामुळे मला लवकर भीती वाटते. ग्रंथालयातल्या संगणकावर मी या खेळाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाचता वाचता एका चित्राशी थांबले. समोरून पळत येणाऱ्या खेळाडूला पाडताना डोकं कुठे ठेवायचं, ते त्यात दाखवलं होतं. डोकं त्याच्या मागच्या बाजूला, पळणाऱ्या पायांच्या वाटेबाहेर. मी भाचीचे सामने आठवले. तिचं डोकं नेहमी पुढे असायचं.

ते तिला तिच्या बापानं शिकवलं होतं. माझा भाऊ मुळात कबड्डीचा. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि घोट्याची पकड ही त्याची खासियत. रग्बी त्याच्या हाती उशिरा आली, तीही मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. पोरींना पाडायला शिकवायची वेळ आली तेव्हा त्यानं आपल्याला येत होतं तेच शिकवलं. खाली बसायचं, पुढून आत शिरायचं, डोकं नडगीला लावून घोटा धरायचा. कबड्डीत चढाई करणारा जपून पाऊल टाकतो, अंदाज घेत मागे सरकतो, त्याचा गुडघा कुणाच्या डोक्यावर येत नाही. रग्बीत माणूस जीव खाऊन पळत येतो. पण मुरुडच्या पोरी चपळ होत्या आणि समोरच्या धिप्पाड मुली त्या पकडीत पटापट पडत. जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धांत तिला नावच पडलं, सरांची पकड. त्या पकडीवर आमच्या पोरींनी चषक आणले, पोलीस भरतीला खेळाचे गुण मिळवले. भावाला तिचा फार अभिमान होता.

मी त्याला फोनवर डॉक्टरांचं सगळं सांगितलं. चित्राचंही सांगितलं.   तो एवढंच म्हणाला, "मी बघतो." त्यानंतर आमचं बोलणं झालं ते इकडचं तिकडचं. तो काय बघणार होता, हे मला आता कधीच कळणार नाही.

भावाच्या पुण्यानुमोदनाला मुरुडचं निम्मं गाव आलं होतं. त्रिशरण झालं, भन्तेजींचं प्रवचन झालं, दोन-चार जण भावाबद्दल बोलले, मग खीर वाढली गेली. माणसं जेवून मांडवात तशीच बसून राहिली. भावाचे जुने मित्र, जिल्हाभर कबड्डीचे पंच म्हणून ओळखले जाणारे, रिकाम्या खुर्चीवर पाय ठेवून म्हणाले, "नवा कोच उंची बघायलाय म्हणं. मंग आपल्या पोरींचं काय न्हाई."

लातूरला खेळाच्या सामानाचं दुकान असलेले अण्णा समोर बसले होते. मुरुडला पहिला रग्बीचा चेंडू त्यांनीच आणून दिला होता. ते म्हणाले, "उंचीनं काय होतंय? सरांची पकड बसली की म्हैस बी आडवी."

"अण्णा, म्हैस म्हणू नका. मी बी खेळलेली हाय," भावाची एक जुनी खेळाडू म्हणाली. आता ती नांदेडला कॉन्स्टेबल आहे.

"तुला कोण म्हणंल बाई? तू आता वर्दीत हायस. आत टाकशील."

पंचांनी उठून प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या आणि मांडवाच्या मधोमध संघ मांडायला सुरुवात केली. "मैदानात सात. ही ओडिशाची, हिला कोण हलवत न्हाई. ही बिहारची, वारं हाय वारं. ही पुण्याची."

"पुण्याची कशाला?"

"पुण्याची असतीच. एक तरी असतीच."

सगळे हसले आणि मग आपण कुठे हसतोय ते आठवून आतल्या खोलीकडे बघू लागले. आत वहिनी बसली होती. मी दारात उभी होते. पंच आवाज उतरवून पुढे बोलले, पण थांबले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. भावाबद्दल बोलता येत नव्हतं म्हणून ते संघाबद्दल बोलत होते, एवढं मला कळत होतं.

"आणि आपली कुठं?" अण्णांनी विचारलं.

पंचांनी एक खुर्ची कडेला ठेवली. "विंगला. हलकी हाय, पळंल."

"विंगला न्हाई हो. सर तिला मधीच उभी करायचे," कॉन्स्टेबल म्हणाली.

"नवा कोच मधी धिप्पाड पोरगी घेणार. तिथं मार बसतो."

"मार बसतो म्हणूनच तर तिथं आपली पायजे!"

एवढ्यात भाची आतून आली. पांढरा ड्रेस, केस न विंचरलेले. ती कुणाशी बोलली नाही. कडेची खुर्ची तिनं उचलली आणि मधे आणून ठेवली. मग परत आत गेली.  अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.  तोपर्यंत मी स्वतःला सांगत होते की बाप गेल्यावर ती कदाचित आपणहून थांबेल.

कॉन्स्टेबल मुलीला शिबिराच्या यादीतल्या मैत्रिणीकडून कळलं होतं, तिनं सांगितलं, नव्या कोचची एक सवय आहे. शिबिराला बोलावायच्या आधी तो प्रत्येक मुलीच्या घरी स्वतः फोन करतो. घरच्यांशी बोलतो.

"इंग्रजीत?" पंच म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, मंग तुमीच बोला. पोरगी वाघीण हाय एवढं सांगा. बाकी काय काढू नका."

"बाकी म्हणजे?"

"बाकी म्हणजे बाकी." त्यांनी माझ्याकडे न बघता खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली. कानशिलाला गुडघा लागला त्या सामन्याला ते हजर होते.

निघताना वहिनीनं माझा हात धरला. "ताई, तुमी शिकलेल्या. मला एवढंच सांगा, ती गेली तर नीट परत येईल ना?" मी तिच्या हातावर हात ठेवला. 

आम्ही दोघी नांदेडला परत निघालो. एसटी अहमदपूरला थांबली तेव्हा भाची खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "फोन आला तर तू काय बोलणार आहेस, आत्या?"

"तुला काय वाटतं, मी काय बोलावं?"

"मी बरी आहे. चहा सांडत नाही आता. पप्पांनी मला पाठवलंच असतं."

"ते 'मी बघतो' म्हणाले होते."

"म्हणजे पाठवलंच असतं." ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. "एक शब्द जरी इकडचा तिकडं केलास ना, तर मी तुझ्या घरात राहणार नाही. खरंच सांगते."

पुढचे दिवस मी कानांनी जगले. ती न्हाणीघरात गेली की मी बाहेर भाजी निवडत बसायची. तांब्याचा आवाज येत राहिला की ठीक. आवाज थांबला की माझे हात थांबायचे. ती अभ्यासाला बसली की पान उलटण्याची वाट बघायची. कधी कधी पान उलटायचंच नाही. मी विचारलं, "काय वाचतेस?" तर दचकून म्हणायची, "वाचतेय ना," आणि पुस्तक मिटायची. ती खरंच बरी होत होती का, की बरी असल्यासारखं वागायला शिकली होती, ते मला ओळखता येत नव्हतं. संध्याकाळी ती पळायला जायची तेव्हा मी गॅलरीत उभी राहून रस्त्याच्या वळणापर्यंत बघायची आणि मग ती परत येईपर्यंत तिथंच. शेजारच्या बाई म्हणाल्या, "जवान पोरगी हाय, काळजी वाटणारच." मी हो म्हटलं. कसली काळजी ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी कोचचा फोन आला. भाचीनं तो उचलून माझ्यासमोर टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि स्वतः फ्रिजला पाठ टेकून जमिनीवर बसली. गुडघे जवळ घेऊन, माझ्या तोंडाकडे बघत.

त्या माणसाचा आवाज मी धरून चालले होते त्यापेक्षा म्हातारा होता. तो सावकाश बोलत होता, मला समजावं म्हणून. त्यानं आधी भावाबद्दल दुःख व्यक्त केलं. एवढ्या आडगावातून एवढ्या मुली कशा तयार झाल्या, ते त्याला जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं. मोबाइलचं, कबड्डीचं, सगळं. भाचीच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. मग त्यानं विचारलं, "तिच्याबद्दल मला माहीत असायला हवं असं काही आहे?"

मी भाचीकडे बघितलं. तिनं मान अगदी थोडी हलवली. नाही.

त्या क्षणी मला भावाची आठवण आली असं लिहायला हवं, पण ती आली नाही. मला ओट्यावरून खाली येणारा चहा दिसत होता आणि भाजत असूनही न हललेला तिचा पाय. मी इंग्रजीत म्हणाले की तिच्या डोक्याला दोनदा मार लागला आहे, दुसरा अलीकडचा आहे, डॉक्टरांनी नाही म्हटलं आहे.  

 मग तो म्हणाला, "मी तिचे व्हिडिओ पाहिले आहेत. ती डोकं पुढे घालते. मला बघवत नव्हतं." तो पुढे म्हणाला की या वेळी तो तिला घेणार नाही. तिनं पूर्ण बरं व्हावं, डोकं मागे ठेवायला शिकावं, मग त्याच्याकडे यावं. पुढच्या निवडीला तो तिला नक्की बघेल. त्यानं माझे आभार मानले. हे आभार मला कुठे ठेवावेत ते समजेना.

फोन बंद झाल्यावर भाची उठली. "झालं तुझं समाधान?" एवढंच म्हणाली. तिनं बॅग भरली. मी अडवलं नाही. स्टँडपर्यंत मागे गेले, पण ती रिक्षात होती आणि मी पायी.

मुरुडला बातमी माझ्या आधी पोचली. पंचांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "ताई, वाचून वाचून तुमी पोरीचं नशीब खाल्लं. सरांनी घडवलेली पोरगी. गावात एवढं मोठं कुणाचं झालं असतं?" मी ऐकून घेतलं.  तिला नेलं असतं आणि काही झालं नसतं, तर पंचच बरोबर ठरले असते. आणि काही झालं नसतंच, हेही शक्य होतं.

काही दिवसांनी कॉन्स्टेबल मुलगी ग्रंथालयात आली. वर्दीत होती, मुलं दबकून बघायला लागली. ती माझ्या टेबलासमोर बसली आणि हातातली टोपी फिरवत राहिली. मला वाटलं, तीही मला दोष द्यायला आली आहे.

"ताई, तुमी केलं ते..." ती थांबली. "माझ्या बी डाव्या कानात आवाज येतो. शिट्टीसारखा. लई वर्सं झाली. परेडला ऊन लागलं की चक्कर येती, मी बूट बांधायला खाली बसते, म्हणजे कुणाला कळत न्हाई."

"दाखवलंस का कुठं?"

"न्हाई. नोकरीतनं काढतील." ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "सरांना सांगू नका." म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून माझी भीती एकीपुरती राहिली नाही. भावाच्या हाताखालून किती मुली गेल्या असतील, ते मी मोजायला बसत नाही. त्याचं चांगलं मला आठवायचं असतं आणि त्याच्या पाठोपाठ ती पकड येते.

हिवाळ्यात मी मुरुडला गेले. वहिनी म्हणाली, ती मैदानावर आहे, शाळेनं तिला तात्पुरतं शिकवायला ठेवलंय. मी कुंपणाबाहेर बाभळीखाली उभी राहिले. बारक्या पोरी रांगेनं येऊन एकमेकींना पाडत होत्या. पहिली खाली बसली, पुढून शिरली, डोकं नडगीला. भाचीनं शिट्टी वाजवली. जवळ जाऊन तिनं त्या पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि मागच्या बाजूला नेऊन ठेवलं. "इथं. पुन्हा." दुसरी आली. तिचंही तसंच. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, पण सरांची पकड तर अशी न्हाई ना?" भाची काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

मग तिनं स्वतः एक पकड दाखवली. एका दांडग्या मुलीला लांबून पळत यायला सांगितलं. भाची खाली गेली आणि शेवटच्या क्षणी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, तिचं डोकं पुढे गेलं. मी कुंपणाची तार धरली. दोघी पडल्या. भाची उठली, केसांतली माती झटकली, एक पाऊल बाजूला गेलं, मग सरळ उभी राहिली. तेव्हा तिनं मला बघितलं. ती आली नाही. परत रांगेकडे वळली.

वहिनीला मी डॉक्टरांचं सगळं समजावून सांगितलं, पुढच्या वेळी कोचचा फोन आला तर तूच सांग, असंही म्हटलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ताई, तुमी खरं बोललात, त्याचं काय झालं ते बघताय ना. माझ्याशी बी ती बोलायची थांबली, तर मी या घरात कुणाशी बोलू?"

भाची अजून माझ्याशी बोललेली नाही. पुढच्या निवडीसाठी ती जाणार आहे. तिनं घरचा नंबर बदलून आईचा दिला आहे, आणि कोचचं बोलणं समजावून सांगायला ती स्वतः शेजारी बसणार आहे. ती पूर्ण बरी झाली का, या प्रश्नाला वहिनी हो म्हणणार आहे. मला फोन येणार नाही.